तिसरा पुकारा

१

कोर्टातल्या जुन्या फौजदारी खटल्यांच्या नकला काढून देणं हा माझा धंदा. कुणाला भाडेकरू ठेवायचा असतो, कुणाला ड्रायव्हर, कुणाला जावई करून घ्यायचा असतो. माणूस गोड बोलतो, पण पोटात काय आहे ते कसं कळणार? मग लोक माझ्याकडे येतात. मी नाव, बापाचं नाव, जन्मसाल आणि पत्ता लिहून घेते, कोर्टाच्या खिडकीवर शोध लावते, काही सापडलं तर अर्ज करते आणि आठवडाभरात शिक्क्याची नक्कल हातात ठेवते. कोर्टात मला सगळे 'नक्कलवाली' म्हणतात. मला राग येत नाही. धंदाच संशयाचा, तर नाव तरी सोज्वळ कशाला हवं?

या कामात सगळ्यात जपायचं ते एका नावाच्या दोन माणसांना. एका नावाची पाच-सहा माणसं सहज निघतात. त्यांतला एक चोर असतो आणि बाकीचे बिचारे उगाच बदनाम होतात. म्हणून चारही गोष्टी जुळल्याशिवाय मी कुणाला 'हाच तो' म्हणत नाही. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या बाईने या धंद्यात पडू नये.

आमच्या कोर्टात एक जुनी रीत आहे. दुसरीकडे कुठे ती असेल असं मला वाटत नाही. जुनी फाईल बाहेरच्या माणसाच्या हातात देण्याआधी, ती ज्याची आहे त्याच्या नावाचा पुकारा होतो. त्याची हरकत असेल तर त्याने यावं, एवढाच अर्थ. रेकॉर्ड रूम इमारतीच्या मागच्या अंगाला, एका लांब व्हरांड्याच्या टोकाला आहे. शिपाई दारात उभा राहतो, रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून नाव तीनदा पुकारतो, जरा थांबतो, आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणतो, "गैरहजर!" मग फाईल मिळते.

त्या शिपायाला सगळे भोंगा म्हणतात. त्याने पुकारा केला की छपरावरची कबुतरं उडतात. मी त्याला चिडवायची, "अहो, एवढं ओरडताय, एखाद्या दिवशी मेलेला ओ देईल."

"द्या म्हणावं," तो म्हणायचा. "त्याच दिवशी पेन्शनीत निघतो."

२

माझी मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. रोज संध्याकाळी ती किल्लीने दार उघडते आणि उंबऱ्यातूनच ओरडते, "आहे का कोणी घरात?" मी असते हे तिला माहीत असतं. तरी मी "आहे गं बाई" म्हणेपर्यंत ती चप्पल काढत नाही. शाळेपासूनची खोड.

तिचं लग्न ठरलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. तिच्या दुकानाच्या इमारतीत तो कामाला येई. वयाने तिच्याहून बराच मोठा, शांत, जेवला की आपलं ताट आपण धुणारा. मागे पुढे कोणी नाही. मुलगी त्याला चेष्टेने 'साहेब' म्हणायची, आणि ते त्याला फार आवडायचं. "मला सगळे साहेबच म्हणतात," असं तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. त्याच्या खऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मुलीने मला आधीच बजावलं होतं. "आई, याची फाईल शोधायची नाही हं. शपथ आहे तुला."

"माझ्या मनातसुद्धा नाही," मी म्हणाले.

पण मी आई आहे. जगाच्या जावयांची पारख करायची आणि स्वतःच्या जावयाच्या बाबतीत डोळे मिटायचे, हे मला जमेना. रजिस्टर लग्नाच्या अर्जावर त्याने नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल आणि मूळ गल्लीचा पत्ता लिहिला होता. मी ते पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर दिलं.

एक खटला निघाला. गोदामातून तांब्याची तार चोरल्याचा, पुष्कळ वर्षांपूर्वीचा. चारही गोष्टी जुळत होत्या. आरोपी जामिनावर सुटला होता आणि पहिल्याच तारखेला आला नव्हता. पुढे शेरा होता, 'फरार'.

चोरीचं मी समजून घेतलं असतं. ऐन विशीत माणूस काय काय करतो. पण इतकी वर्षं तोंड लपवून राहिलेला माणूस माझ्या मुलीच्या ताटाला ताट लावून जेवत होता. मी पूर्ण फाईलच्या नकलेचा अर्ज केला.

३

नक्कल घ्यायला गेले ती दुपारची वेळ. कोर्टं जेवायला उठली होती, व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. ऊन तिरपं आत आलेलं. रेकॉर्ड रूमच्या दारात भोंगा गळ्याला पट्टी बांधून बसला होता. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने बोलायला सक्त मनाई केली होती. भोंगा मुका झालेला पाहून मला हसूच आलं.

त्याने खुणेने सांगितलं, पुकारा तुम्हीच करा.

"मी? माझ्या आवाजाने तर चिमणीपण उडायची नाही."

त्याने हात हलवला. कोण ऐकतंय, असा त्याचा अर्थ होता.

आत टेबलाशी चष्मेवाल्या कारकूनबाई फाईल काढून बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले, पदर नीट केला आणि माझ्या होणाऱ्या जावयाचं नाव, बापाच्या नावासकट, व्हरांड्यात पुकारलं. आवाज भिंतींवरून घरंगळत गेला. मला उगाच लाजल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने पुकारलं. तिसऱ्यांदा तर अगदी भोंग्याच्या थाटात.

"हजर."

आवाज मोठा नव्हता. फार वेळ बसवून ठेवलेला माणूस आधी घसा खाकरतो आणि मग बोलतो, तसा होता. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वळण आहे, त्यापलीकडून तो आला.

मी भोंग्याकडे पाहिलं. तो खुर्चीतून अर्धा उठला होता.

आतून कारकूनबाईंनी विचारलं, "आला का हो पक्षकार? आला असेल तर बसवा त्याला."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. मी भराभरा वळणापर्यंत गेले. कुणीतरी टवाळखोर असणार, त्याला चांगला फैलावर घ्यायचा, असं मनाशी म्हणत गेले. वळणापलीकडे एक बाक होता, आणि त्याच्या पुढे कुलूप लावलेलं दार. तिथून बाहेर जायला वाट नव्हती. बाकावर बोटभर धूळ होती. एका टोकाला तेवढी ती पुसलेली होती, कोणी नुकतंच उठून जावं तशी.

मी परत आले. कोणी नाही, कुणीतरी चेष्टा केली, असं मी सांगितलं. कारकूनबाईंना जेवायला जायची घाई होती, त्यांनी नक्कल दिली. भोंगा हाताने काहीतरी विचारत होता, पण मी थांबले नाही. 'गैरहजर' म्हणायचं राहिलंय हे मला चांगलं कळत होतं. तोंडातून तो शब्द निघेना. ज्याने ओ दिली त्याला गैरहजर कसं म्हणायचं?

४

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. आमच्या दाराबाहेर चपलांचा लाकडी ठोकळा आहे. त्यावर बसून बूट घालता येतात. बसलं की तो एकदाच करकरतो.

घरी येऊन मी नक्कल वाचायला घेतली. आरोपीच्या अंगावरची ओळखीची खूण म्हणून लिहिलं होतं, डाव्या हाताला करंगळी नाही, जन्मापासून. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. साहेबांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. ताट धुताना मी ती किती वेळा पाहिली होती. माझा जीव भांड्यात पडला. नावासारखं नाव! बिचाऱ्यावर मी उगाच संशय घेतला.

पण बापाचंही नाव तेच? गल्लीही तीच? सालही तेच? माझ्या धंद्यात असं कधी घडलं नव्हतं. मी उलट फिरून पुन्हा पहिल्या पानावर आले. खाली एक ओळ होती, सोबतचा साथीदार मिळून आला नाही.

तेवढ्यात बाहेर ठोकळा करकरला.

मुलगी आली असेल म्हणून मी वाट पाहिली. किल्ली फिरली नाही. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. समोरचा जिना, शेजारचं दार, कठड्यावर वाळत टाकलेलं पायपुसणं. माणूस कोणी नव्हतं. आपल्याच डोक्यात भुंगा शिरलाय, दुसरं काही नाही, असं म्हणून मी दाराला पाठ टेकली. तेव्हा पलीकडे कोणीतरी घसा खाकरला. माझ्या कमरेच्या उंचीवर. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येतं, तिथे.

मी तिथून हलूच शकले नाही. मुलगी आली, नेहमीसारखी ओरडली, "आहे का कोणी घरात?" तेव्हा कुठे मी दारापासून बाजूला झाले. तिला जिन्यात कोणी दिसलं नव्हतं.

सकाळी दूध घेताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काल तुमच्याकडे कोण आलं होतं हो? बिचारा किती वेळ बाहेर बसून होता. पाणी तरी विचारायचं."

"कसा होता दिसायला?"

"पाठमोराच होता. तुमच्या दाराकडे तोंड करून. एवढं दाराला नाक लावून कोण बसतं, मी आपलं आत निघून आले."

५

मी भोंग्याचं घर गाठलं. त्याच्या बायकोने मला आत घेतलं आणि त्याला दटावलं, "बोलायचं नाही हं." पण मला पाहताच तो कुजबुजायला लागला. तो दांडगा आवाज फाटक्या कागदासारखा झाला होता.

"बाई, शेवटी 'गैरहजर' म्हणालात का?"

"नाही."

त्याने डोळे मिटले.

"अहो, आता जाऊन म्हणते ना," मी म्हणाले. "त्यात काय?"

"आता ते खोटं होईल. तो हजर झालाय." त्याने घोटभर पाणी गिळलं, त्याचा त्रास चेहऱ्यावर दिसला. "माझ्या आधीच्या शिपायाने मला शिकवलं होतं. हजर झालेल्या माणसाला एक तर आत घ्यावं लागतं, नाही तर पुढची तारीख द्यावी लागते. दोन्ही केलं नाही, तर तो बाहेरच बसून राहतो. ज्याने पुकारलं त्याच्या दाराबाहेर."

"तारीख दिली तर जातो?"

"जातो. तारखेपर्यंत जातो."

"आणि आत घेतलं तर?"

"आत आलेला माणूस निकाल लागल्याशिवाय जात नाही," तो म्हणाला. त्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

उतरताना मी स्वतःला फार समजावलं. शिकलेली बाई मी. म्हाताऱ्या शिपायाच्या गोष्टी ऐकून हात-पाय गाळायचे का? पण घराचा जिना चढताना शेवटच्या वळणावर माझे पाय आपोआप भिंतीकडे सरकले. ठोकळा रिकामा दिसत होता. त्याच्या बाजूने जाताना माझ्या मांडीला गार लागलं, आणि किल्ली भोकात जाता जाईना.

६

लग्न परवावर आलं होतं. त्या दुपारी साहेब चहाला येणार होते. मुलगी खोलीत साडीला पिन लावून बघत होती, गुणगुणत होती. तिचा तो आवाज ऐकून मी ठरवलं. तारीख द्यायची. लांबची, चांगली दोन-तीन वर्षांनंतरची. हे गार काहीतरी माझ्या दारातून उठू दे, लग्न सुखाने होऊ दे, मग मी आणि माझं नशीब.

मी दाराशी गेले. आत उभी राहून, बंद दाराला तोंड लावून, बोलायला ओठ उघडले.

खालून साहेबांची पावलं ऐकू आली. ते नेहमी भराभरा चढायचे. शेवटच्या वळणावर पावलं थांबली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भिंतीला कापड घासल्याचा आवाज आला, सरकत सरकत वर आला. बेल वाजली.

मी दार उघडलं. ते हसत आत आले. त्यांच्या काळ्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत भिंतीच्या चुन्याने पांढरी झाली होती. बसलेल्या माणसाला चुकवून, भिंतीला चिकटून कोणी वर यावं, तशी.

टेबलाशी बसून त्यांनी चहाची बशी पुढे ओढली.

मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने बाही पाहिली आणि रुमालाने झटकायला लागली. "काय हे साहेब, कुठे घासून आलात?" तिचा हात त्यांच्या दंडावर होता. तो हात पाहून माझ्यातली भीती गेली असं मी म्हणणार नाही. भीती तेवढीच राहिली. पण तारीख देणं आता शक्य नव्हतं.

मी दाराकडे तोंड करून उभी राहिले आणि ते नाव पुकारलं. पूर्ण, बापाच्या नावासकट.

मुलगी हसली. "आई, हे काय कोर्ट आहे?"

आपल्या नावाने कोणी हाक मारली की माणूस हाक मारणाऱ्याकडे बघतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं.

तेव्हा मला सगळं कळलं. नाव त्यांचं नव्हतंच. ज्याचं होतं तो बाहेर बसला होता.

मी दुसऱ्यांदा पुकारलं.

"आई, पुरे," साहेब हळू म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. तारीख द्या."

तारीख हा शब्द मी त्यांच्यापाशी कधी काढला नव्हता. मुलीचा हात त्यांच्या दंडावरून आपोआप खाली आला.

मी तिसऱ्यांदा पुकारलं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच तो ओळखू येईना.

"हजर," दाराबाहेरून कोणीतरी म्हणालं. ठोकळा करकरला.

"आत या," मी म्हणाले.

दार मी नीट लावलं होतं, ते मला आठवतं. ते थोडंसं उघडलं. फळीच्या कडेवर एक डावा हात आला आणि त्याने दार धरलं. काळा, ग्रीस आणि माती सुकलेला. मी बोटं पाहिली, आणि लगेच मान फिरवली. करंगळी नव्हती.

साहेब भिंतीला पाठ लावून उभे होते. ते एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मग कळलं, ते स्वतःचं नाव सांगत होते. खरं. मी कधीच न शोधलेलं.

७

त्या संध्याकाळी ते स्वतःच्या पायाने पोलिसांत गेले. कुठे खणायचं तेही त्यांनीच सांगितलं. एका जुन्या इमारतीच्या लिफ्टखालचा खड्डा होता, 'फरार' लिहिलेला माणूस इतकी वर्षं तिथेच होता. आणि मिळून न आलेला साथीदार म्हणजे साहेबच, तो असा मिळाला.

मुलगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. एकदा रात्री जेवता जेवता रडली आणि म्हणाली, "तू शोधलंस ते बरं केलंस." मला तेवढं पुरे आहे. ती वाचली, यापुढे मला दुसरं काही नको होतं, आजही नको आहे.

खटला सुरू झालाय. कोर्टाचं काम मला ठाऊक आहे. तारखा पडताहेत, साक्षीदार सापडत नाहीत, वकील बदलताहेत. निकालाला किती वर्षं लागतील ते मी तरी सांगू शकत नाही.

दारालगतची खुर्ची मी कुणाला बसायला देत नाही. तिचा पाय मोडका आहे असं सांगते. दुपारी घर शांत झालं की ती एकदा करकरते, आणि थोड्या वेळाने कोणीतरी घसा खाकरतं. तो काही करत नाही. नुसता बसून असतो, कधी आपल्याला विचारतील याची वाट बघत. मी त्या बाजूला मान वळवत नाही.

मुलगी आता पहिल्यासारखी झाली आहे. संध्याकाळी कामावरून येते, उंबऱ्यात उभी राहते आणि ओरडते, "आहे का कोणी घरात?" तिची वेळ झाली की मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन थांबते आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओ देते. रोज मीच आधी देते.

काल मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. मला जरा उशीर झाला.